कोगनोळी नाका आणि बॉटम क्वार्क

प्रश्न : 2021 ला पेपरात आलं होतं की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत नवीन फिजिक्स सापडायला आलंय, बॉटम क्वार्क थिअरीप्रमाणे वागेना झालाय. मुलीने ते कात्रण टेबलावर चिकटवलेलं. आता ती बेळगावात बीएस्सीला आहे आणि म्हणते ते सगळं फुस्स झालं. खरं काय? – एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, मुलगी अर्धी बरोबर आहे.

आधी सांगतो, दुर्मिळ तेवढंच का शोधतात. संध्याकाळी चन्नम्मा सर्कलला एक गाडी जास्त आली तर कुणाला कळणार, पण रात्री दोनला चोर्ला घाटात एक बाईक गेली तरी कान टवकारतात. क्वार्क म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या जातीचे बारके कण, बॉटम, स्ट्रेंज, टॉप, चार्म ही त्यातल्या काहींची नावं. बॉटम क्वार्कचा स्ट्रेंज क्वार्क होऊन वर दोन म्यूऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊ) निघायचे, तर नेहमीच्या थिअरीत त्याला सरळ रस्ताच नाही, डब्ल्यू, टॉप असल्या जड कणांना क्षणभर मधे घेऊन वळशाने जावं लागतं, म्हणून दहा लाखांत एखाददुसऱ्या वेळी घडतं, आणि त्या वळशात कुणी अनोळखी कण घुसला, सर्नच्या मशीनमध्ये बनवता येणार नाही इतका जड असला तरी, हिशेब हलतो.

आता 2021. याच घटनेत कधी म्यूऑनऐवजी दोन इलेक्ट्रॉन निघतात. म्यूऑनच्या जोड्या आणि इलेक्ट्रॉनच्या जोड्या जवळपास सारख्याच निघायला हव्यात. सर्नच्या एलएचसीबी प्रयोगात शंभर इलेक्ट्रॉन-जोड्यांमागे म्यूऑनच्या 85च दिसल्या. नुसत्या योगायोगाने असं दिसायची शक्यता हजारात एक, म्हणून बोंब झाली. पण डिसेंबर 2022 ला त्यांनीच सगळं परत तपासलं. समजा तुम्ही कोगनोळी नाक्यावर एमएच आणि केए पाट्या मोजताय (आपल्याकडे यावरनं डोकी लगेच तापतात, सोडा), अंधारात गोव्याची जीए लांबनं केए वाटते, केएचा आकडा फुगतो आणि एमएच उगाच कमी दिसतात. तसंच, पायॉनसारखे दुसरेच कण इलेक्ट्रॉन समजून मोजले गेलेले. ते वजा केले तसं गुणोत्तर एकच्या आसपास आलं. आपली चूक आपणच शोधून जाहीर केली, मला तर हेच लय आवडलं.

अर्धी बरोबर का म्हटलं, तर म्यूऑन कुठल्या कोनात बाहेर पडतात तो हिशेब 2013 पासून जुळेना झालाय आणि त्यात इलेक्ट्रॉनची भानगडच नाही. काही जण म्हणतात दोष आपल्या गणिताचा, चार्म क्वार्कचा वाटा नीट काढता येत नाही. तिकडे जपानच्या बेल टू प्रयोगात, आपल्या मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था पण त्यात आहे, बॉटमवाला कण फुटून केऑन (स्ट्रेंज क्वार्कवाला कण) आणि दोन न्यूट्रिनो (कशालाच न अडकणारे हलके कण) निघायचं प्रमाण 2023 ला अंदाजापेक्षा जास्त आलं, पण अजून कच्चंच धरायचं.

कात्रण काढू नको म्हणावं तिला, खाली पेनने ‘डिसेंबर 2022’ तेवढं लिहू दे.