पहिली रहस्यकादंबरी लिहिणाऱ्या भावास

भाऊ, खून लंडनच्या धुक्यात कशाला? रावेर-सावद्याकडच्या केळीच्या बागेत कर. घड कापताना चीक कपड्यावर पडला की डाग काळपट होतो, किती घासला तरी जात नाही. मजुरी न करणाऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर तो दिसला, की तपासाला धागा मिळाला. पळणाऱ्यासाठी भुसावळ जंक्शन आहेच; नागपूरकडे गेला की इटारसीकडे, पोलिसांना घोर. मात्र फौजदाराच्या तोंडी खुनाचं जुनं कलम ३०२ घालू नकोस. १ जुलै २०२४ पासूनच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. ओळखीच्या वकिलाकडून एखादा पंचनामा मागून वाच, भाषा रुक्ष असते पण कामाची. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. तो वाचकवर्ग आता नाही, तेव्हा नोकरी सोडायची घाई नको. आणि साक्षीदार अहिराणी बोलणारा असेल तर त्याला अहिराणीतच बोलू दे.