थायरॉइड निघालं, आता डोळे जाणार का?

मधुमेहाच्या रुग्णांशी बोलताना हा प्रश्न वरचेवर कानावर येतो. यावेळी तो घेऊन आल्या होत्या पन्नाशीच्या एक अंगणवाडी सेविका. साखर ९ वर्षांपासून, आणि टीएसएच (थायरॉइड मंदावलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) ११ आल्यामुळे थायरॉइडची गोळी नुकतीच सुरू झालेली. उजव्या डोळ्याने हजेरीपटावरच्या ओळी वाकड्या, पुसट दिसायच्या. शेजारणीने सांगून ठेवलं होतं, शुगर आणि थायरॉइड एकत्र आले की डोळे जातात.

त्या म्हणाल्या, "मॅडम, आधी थायरॉइड नॉर्मल येऊ दे, मग डोळे दाखवते."

शेजारणीच्या बोलण्यापेक्षा मला या वाक्याची धास्ती वाटली. टीएसएच पुन्हा तपासायचा तो ६ ते ८ आठवड्यांनी. तोवर डोळ्याच्या आतल्या पडद्याला (रेटिनाला) झालेली इजा थांबून राहत नाही.

मी विचारलं, "ताई, याआधी डोळे कधी तपासले?"

"दरवर्षी. चष्म्याच्या दुकानात नंबर काढते ना."

नंबर काढणं म्हणजे पडदा तपासणं नव्हे. डोळ्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून डॉक्टर आतला पडदा बघतात, ती तपासणी त्यांची एकदाही झाली नव्हती. टाइप २ मधुमेहात ती निदान झाल्याबरोबर करायची आणि पुढे साधारण दरवर्षी. सुरुवातीला पडद्यावर बारीक रक्तस्राव होत असतात, तरी माणसाला अगदी स्वच्छ दिसतं. म्हणून दिसण्यावर विसंबून चालत नाही.

मग थायरॉइडचं काय? मधुमेहींमध्ये थायरॉइडचे विकार जास्त आढळतात, हे खरं. थायरॉइड मंदावलेल्या मधुमेहींमध्ये पडद्याचा विकारही जास्त दिसल्याचं काही अभ्यासांत आलं आहे. पण एकामुळे दुसरा होतो, हे त्यातून सिद्ध होत नाही. थायरॉइड मंदावलं की कोलेस्टेरॉल वाढतं, खालचा रक्तदाबही वाढू शकतो, आणि हे दोन्ही पडद्याच्या रक्तवाहिन्यांना जाचक. म्हणून गोळी नियमित घ्यायचीच, सकाळी उपाशीपोटी. कॅल्शियमची गोळी त्या चहाबरोबर घ्यायच्या. ती थायरॉइडच्या गोळीनंतर ४ तासांनी घ्यायला सांगितली. मात्र पडद्याचं नुकसान मुख्यतः वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने होतं. थायरॉइडची गोळी ते भरून काढणार नाही.

आणखी एक गोष्ट त्यांना सांगितली. डोळे बटबटीत होणं, पापण्या वर ओढल्या जाणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, हा थायरॉइडशी जोडलेला वेगळा विकार. तो बहुधा थायरॉइड जास्त काम करणाऱ्यांत होतो आणि डोळ्यामागच्या स्नायूंना सूज आणतो. त्यांना तसलं काही नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मुलगा त्यांना तपासणीला घेऊन गेला. थेंबांमुळे काही तास अंधुक दिसतं, म्हणून सोबत कुणीतरी हवंच. उजव्या डोळ्यात पडद्याच्या मध्यभागी सूज निघाली, डाव्यात सुरुवातीचे बदल. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर त्या रडल्या. आधी थेंबांनी डोळा बधिर करतात, हे मी त्यांना दोनदा समजावलं. मुलालाही समजावलं, कारण घरी धीर तोच देणार होता.

आता दोन इंजेक्शनं झाली आहेत. ओळी पूर्वीपेक्षा सरळ दिसतात असं त्या सांगतात. टीएसएचची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे, आणि तिसऱ्या इंजेक्शनची तारीख त्याच्या आधीची.