मसाजचं लायसन्स आणि एकविसावा वाढदिवस

(एडिसन, न्यू जर्सीहून एका आईचं पत्र: "आम्ही एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर), ग्रीन कार्डच्या रांगेत. मुलगी 20 वर्षांची. कॉलेज सोडून मसाज थेरपिस्टचं लायसन्स काढायचं म्हणते. तिचं मन कसं वळवू?")

ताई, तुमच्या दोन पानी पत्रात 'लोक काय म्हणतील' चारदा आलंय. तिला हे का करावंसं वाटतं, ते एकदाही नाही. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं तर काय सांगायचं, ही अडचण तुमची. तिच्या बाबांनी पाहुण्यांदेखत "एवढं शिकवलं ते मालिश करायला?" असं म्हटलं, हेही तुम्हीच लिहिलंय. त्यानंतर ती गप्प झाली यात नवल कसलं? बाळंतिणीला तेल लावायला येणाऱ्या मावशींचं आपण तोंडभरून कौतुक करतो. तेच काम पोटच्या पोरीने करायचं म्हटलं की मात्र मान खाली जाते!

न्यू जर्सीत लायसन्सचा रस्ता सरळ आहे: मान्यताप्राप्त शाळेत 500 तास, 'एमब्लेक्स' ही 100 प्रश्नांची परीक्षा, गुन्हेगारी नोंदींची तपासणी, मग राज्याच्या बोर्डाकडे अर्ज.

"एकदा लायसन्स मिळालं की अमेरिकेत कुठेही काम करता येईल," असं तिने तुम्हाला सांगितलंय. ते चूक आहे. हे लायसन्स देशाचं नसतं, त्या-त्या राज्याचं असतं. हडसन ओलांडून न्यूयॉर्कला गेलात की 1000 तास लागतात. तिथे हे लायसन्स राज्याचं शिक्षण खातं देतं, जे डॉक्टरांनाही देतं (हे बाबांना जरूर सांगा). कॅलिफोर्नियात राज्याची सक्तीच नाही. तिथलं प्रमाणपत्र ऐच्छिक, वर गावागावाचे नियम वेगळे. तेव्हा कुठल्या राज्यात राहायचं ते ठरवल्याशिवाय शाळेची फी भरू नका.

पण मला खरी धास्ती वाटली ती तुमच्या पहिल्याच ओळीची. ती तुमच्या एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्यांच्या जोडीदार-मुलांच्या व्हिसावर असेल, तर तिला शिकता येतं, कमावता येत नाही. एच-फोरचं वर्क परमिट काही जोडीदारांना मिळतं, मुलांना नाही. शिवाय 21 पूर्ण झाली की तिचा एच-फोरच संपतो. पुढे स्वतःचा एच-वन मिळवायचा तर पदवी लागणारं काम हवं, आणि मसाज थेरपी त्यात बसत नाही. म्हणजे आज कॉलेज सोडणं धोक्याचं आहे, पण त्याचं कारण तुम्ही समजता ते नव्हे.

तिचा वाढदिवस कधी, ते तुम्ही कळवलेलं नाही. याच आठवड्यात इमिग्रेशन वकिलाची वेळ घ्या, तिला बरोबर न्या, प्रश्न तिलाच विचारू द्या. जाताना गाडीत मसाजचा विषय तुम्ही काढू नका. तिने काढला, तर बाबांना रेडिओ बंद करायला सांगा.