कार्ड उलटून बघा

प्रश्न : टारझनच्या जुन्या चित्रपटाची दोन मेक्सिकन लॉबी कार्डं, म्हणजे थिएटरात लावायची जाहिरातीची कार्डं, ऑनलाइन लिलावात घेतली. अमेरिकन कार्डं अकरा बाय चौदा इंची असतात असं वाचलं होतं. ही मोठी आहेत, कागद हलका आहे आणि कोपऱ्यांना टाचणीची भोकं आहेत. मित्र म्हणतात, फसलास. खरंच फसलो का?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : मापावरून तरी नाही. मेक्सिकोतली कार्डं अमेरिकन कार्डांपेक्षा मोठीच असतात, साधारण साडेबारा बाय साडेसोळा इंच, आणि कागदही हलकाच. तिकिटाच्या रांगेत उभं राहून काचेच्या पेटीतले 'फोटो' आपण बघायचो ना, त्याच कामाची ही कार्डं. मांडणी मात्र निराळी. अमेरिकन कार्डावर बहुतेक जागा फोटोची असते. मेक्सिकन कार्डावर चित्रकाराने रंगवलेली भडक चौकट असते, म्हणजे मगर, ज्वालामुखी, झेप घेणारा नायक, तिरकी लाल-पिवळी अक्षरं, आणि त्या सगळ्यात एका बाजूला फोटो. एका संचात चौकट तीच राहते, फोटो तेवढा बदलतो. जुन्या कार्डांवर हा फोटो वेगळा करून हाताने चिकटवलेला सापडतो, नंतरच्या कार्डांवर चौकटीबरोबरच छापलेला.

आता अस्सल-नक्कल. मी चौतीस वर्षं बेळगावात छापखान्यात ऑफसेट मशीनवर होतो, त्यामुळे मला कागदाच्या वाटेनेच सांगता येईल. कार्ड आधी उलटं करा. वयाने पिवळा पडलेला कागद कडांना जास्त आणि मध्ये कमी असा हळूहळू पिवळा होत जातो. चहाचं पाणी लावून जुना केलेला कागद ठिपक्याठिपक्यांनी डागाळतो आणि हाताला खरखरीत लागतो. फोटो चिकटवलेला असेल तर त्याच्या कडेवरून नख अलगद फिरवा, उंचवटा लागतो. मग घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात ते भिंग घ्या. ऑफसेटच्या छपाईत टिंबं ओळीत बसलेली दिसतात, चार रंगांची टिंबं मिळून बारीक फुलासारखी नक्षी होते. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या नकलेत तशी नक्षी नसते, रंग शिंपडल्यासारखा विखुरलेला असतो. माझ्याकडच्या एका कार्डावर लाल प्लेटचं रजिस्टर, म्हणजे बाकीच्या रंगांशी जुळणं, केसभर हललंय, त्यामुळे नायिकेचे ओठ हनुवटीकडे सरकलेत. ते बघितलं की मला त्या मशीनवरचा माणूस समोर दिसतो.

आणखी एक सोपी गोष्ट. खडेबाजारात कुठल्याही दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं रसायन घालायची पद्धत साधारण १९५० नंतर रुळली. १९४० च्या दशकातलं म्हणून विकलेलं कार्ड त्या दिव्याखाली निळसर उजळलं, तर ते त्या काळातलं नाही. मात्र १९६० चं कार्ड उजळलं म्हणून ते खोटं ठरत नाही.

खालच्या पट्टीतलं कंपनीचं नावही वाचा. जॉनी वाइसम्युलर बारा चित्रपटांत टारझन झाला. १९३२ ते १९४२ चे सहा एमजीएमचे, १९४३ ते १९४८ चे सहा आरकेओचे. आरकेओने १९५७ मध्ये चित्रपट काढणं बंद केलं. तेव्हा आरकेओच्या चित्रपटाच्या कार्डावर भलत्याच वितरकाचं नाव असेल, तर ते बहुधा पुन्हा प्रदर्शित करताना छापलेलं. तेही अस्सलच, फक्त वयाने लहान. तुमचं कार्ड जलपऱ्यांच्या चित्रपटाचं, म्हणजे १९४८ च्या शेवटच्या टारझनचं असेल तर विशेष जपा. त्याचं चित्रीकरण मेक्सिकोतच, आकापुल्कोला झालं होतं, आणि वाइसम्युलर १९८४ मध्ये वारला तोही त्याच गावी.

टाचणीची भोकं बुजवू नका. ते कार्ड खरंच कुठल्यातरी थिएटरात लागलं होतं, हे त्या भोकांवरूनच कळतं.

प्रश्न : आपल्या टॉकीजमधलं सगळं रद्दीत गेलं. ते सोडून मेक्सिकोची कार्डं जमवायची, हे मनाला पटत नाही.
(एक वाचक, शहापूर)

उत्तर : तुमची तळमळ माझीही आहे. पण ही कार्डं माझ्याकडे आली ती आपल्या गावातूनच.

आम्ही कॅम्पात राहायचो तेव्हा शेजारी एक गोव्याचं कुटुंब होतं. त्यांच्यातले एक जण बोटीवर कामाला, आम्ही पोरं त्यांना बोटीवरचे अंकल म्हणायचो. एका सुट्टीत त्यांनी बंदरावरून आणलेली तीन कार्डं मला दिली. मी बारा वर्षांचा होतो. एकावर रुपेरी मुखवटा घातलेला उघडा पैलवान, मागे जंगल, पायाशी साप. आदल्याच रविवारी वडिलांबरोबर आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघून आलो होतो, त्यामुळे मला वाटलं हा दारासिंगच, तोंड झाकून आलाय.

तो होता एल सांतो, मेक्सिकोचा पैलवान. कुस्तीही मुखवटा घालून, चित्रपटही मुखवटा घालून, पन्नासएक चित्रपट. १९८४ मध्ये वारला तेव्हा त्याला मुखवट्यासकटच पुरलं. त्याचे चित्रपट तिकडे गाजत होते त्याच वर्षांत इकडे १९६२ चा 'किंग काँग' घेऊन दारासिंग पडद्यावर होता. दोन्हीकडे आधी आखाडा, मग पडदा, आणि थिएटरबाहेर तशीच भडक रंगवलेली चित्रं. आपल्याकडे तर त्याच्याही आधी वाडिया मूव्हिटोनची नादिया होती, १९३५ ची 'हंटरवाली', हातात चाबूक, अंगात विजार, गुंडांना उचलून फेकणारी. त्या चित्रपटाचं एखादं शोकार्ड, म्हणजे आपल्याकडचं असंच थिएटरातलं कार्ड, तुम्हाला कुठे मिळालं तर मला पत्राने कळवा, मी लगेच बसने येतो.

मेक्सिकन कार्डांनी मला आपली शोकार्डं बघायला शिकवलं. आपल्या पेंटरांनी पुठ्ठ्यावर फोटो कापून चिकटवले, त्यांना हाताने रंग दिला, नाव ब्रशने लिहिलं. तेच काम, तोच हात. दोन्ही जमवा, असं माझं मनापासून सांगणं आहे.

त्या सांतोच्या कार्डाचं पुढे काय झालं तेही सांगतो. पहिला पगार झाला तेव्हा फ्रेम करायला दिलं. फ्रेमवाल्याने कार्ड फ्रेममध्ये मावेना म्हणून चारी बाजूंनी अर्धा अर्धा इंच कापलं आणि हार्डबोर्डवर गोंदाने चिकटवून टाकलं. माझ्या हातात आलं तेव्हा सापाची शेपटी गेली होती. कार्डाच्या पाठीवर स्पॅनिशमध्ये एक गोल शिक्का होता, बहुतेक थिएटरचा. त्यावरची अक्षरं मी कधीच लिहून ठेवली नव्हती. आज तो गोंदाखाली आहे.

प्रश्न : एका चांगल्या मेक्सिकन कार्डाला किती रुपये द्यावेत?
(एक वाचक, वडगाव)

उत्तर : एकच आकडा सांगणं बरोबर होणार नाही. नायक कोण, चौकट किती सुंदर, कार्ड पहिल्या प्रदर्शनाचं की नंतरचं, यावर किंमत फिरते. टपाल आणि कस्टमचा खर्च धरूनच बोली लावा. आणि विक्रेत्याकडून पाठीचा फोटो मागवा. तो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

प्रश्न : माझे आजोबा तंबू टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. माळ्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक सापडली. आत पन्नासेक फोटो आणि शोकार्डं आहेत, काहींच्या पाठीवर पेन्सिलीने नंदगड, जांबोटी, कणकुंबी अशी गावांची नावं आहेत. आमच्याकडे पाऊस फार, ट्रंकेत ओल आलीय, काही फोटो एकमेकांना चिकटलेत. सगळी लॅमिनेट करून घेऊ का?
(एक विद्यार्थिनी, खानापूर तालुका)

उत्तर : लॅमिनेशन अजिबात नको, बाळ. गरम प्लास्टिक एकदा बसलं की निघत नाही, आणि आतली ओल आतच राहते.

आज एवढं कर. ट्रंक रिकामी कर, पण उन्हात काहीही मांडू नको. पंखा लावलेल्या खोलीत स्वच्छ टीपकागदावर एकेक सुटं ठेव. किंचित वाळलं की वरखाली टीपकागद घालून त्यावर जाड पुस्तक ठेव. चिकटलेले फोटो ओढू नको. फोटोच्या तोंडावर सरसासारखा थर असतो, तो ओलीने मऊ होतो आणि ओढला की चेहराच निघून येतो. ते गठ्ठे तसेच बाजूला ठेव. बुरशी असेल तर नाकाला रुमाल बांधून, कार्ड पूर्ण वाळल्यावर, घराबाहेर मऊ ब्रशने झटक. ओलं फडकं लावू नको. जुनी सेलोटेप दिसली तरी ती सोलायला जाऊ नको.

मग प्रत्येक कार्डाला पॉलिएस्टरचं पाकीट आण. नव्या रेक्झिनसारखा वास येणारं पीव्हीसीचं पाकीट नको, ते कालांतराने चिकट होऊन रंग ओढतं. मध्ये वर्तमानपत्र घालू नको, त्यातलं आम्ल कार्डात उतरतं. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकतात, त्या कार्डांना टेकता कामा नयेत. आडवी रचून ठेव. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर वीतभर पुढे ओढ, आपल्याकडे आषाढात त्या भिंतीला पाणी सुटतं. पत्र्याची ट्रंक पावसाळ्यात आतून घाम धरते, तेव्हा ती आठवण म्हणून वेगळी ठेव.

पाठीवर नंदगड, जांबोटी, कणकुंबी अशी नावं आहेत असं तू लिहिलंस. तंबू कुठे कुठे लागला होता, त्याचीच ती यादी असावी. आजोबांना ती एकेक वाचून दाखव. कुठल्या जत्रेत, कुठला चित्रपट, कार्ड कशाला टांगलं होतं, ते जे सांगतील ते वहीत लिही आणि कार्डाला नंबर दे. नंबर पाकिटावर टाक, कार्डावर नको. पुढच्या पत्रात मला पहिल्या पाच पाठींचे फोटो पाठव.