मागची चाकं उडतात तर आधी यू बोल्ट पाहा, शॉकअप नंतर

तुमचा प्रश्न असा की २००३ ची मारुती ओम्नी व्हॅन आहे, रिकामी असली की चढावर पहिल्या गियरमध्ये मागची चाकं धडधड उड्या मारतात, मेकॅनिक हाउसिंग (मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा लोखंडी आस) आणि शॉकअप (धक्के दाबणारा शॉक अब्सॉर्बर) मिळून चौदा हजार सांगून राहिला, कमी पैशात काही होईल का. होईल. पण एक रुपया द्यायच्या आधी गाडीखाली डोकं घालून यू बोल्ट पाहा, म्हणजे पाटा आणि हाउसिंग एकत्र आवळणारे इंग्रजी यू आकाराचे बोल्ट. एवढं ठासून सांगतो कारण याच रोगापायी आमच्या घरात सहा वर्षं वाद चालला आणि त्यात माझं नाव खराब झालं.

आमची ओम्नी १९९९ ची, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. चांदूर बाजार तालुक्यात आमची संत्र्याची बाग, आणि डांबरी रोडवर यायचं म्हणजे पांदण रस्ता, मधात नाला. नाल्याला दोन्हीकडून चढ, लांब नाही पण उभा, वरून मुरूम आणि सुटी गिट्टी. २०११ मध्ये आंबिया बहाराच्या वेळी दादानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं ठरवलं की क्रेट जास्त बसले पाहिजे म्हणून मागं दोन्ही बाजूला एकेक पाटा, म्हणजे गाडीचं वजन झेलणारी स्प्रिंगची लोखंडी पट्टी, वाढवायचा. मी नाही म्हटलं होतं, ही गाडी काही टेम्पो नाही. पण घरात मोठ्याचं चालते. पाटेवाल्याकडून एका दुपारी पाटे टाकून आणले, गाडी मागून चार बोटं वर आली, दादा खूश.

दीड-दोन महिन्यांत सुरू झालं. भरलेली असली की काही नाही, रिकामी असली की नाल्याच्या चढावर क्लच सोडला रे सोडला की मागून धड धड धड, काचा वाजायच्या, आई मागं बसली असली तर दोन्ही हातांनी सीट धरून "थांब रे बाप्पा" म्हणायची. दादाचं म्हणणं एकच. "तुले क्लच सोडता येत नाही. माह्या हातात तं उडत नाही." हे तो घरात म्हणायचा, लग्नात म्हणायचा, एका वर्षी बहिरमच्या यात्रेत हंडीतलं मटण शिजून राहिलं होतं, सोयरे मिळून दहा-बारा जण बसलेले, तिथंही म्हणाला. त्याच्या हातात काहून उडायची नाही? कारण भरलेली गाडी बागेतून बाहेर तो काढायचा आणि रिकामी परत मी न्यायचो. एवढा साधा फरक, पण सांगितलं तर कोणी ऐकायला तयार नाही.

आता हे होतं कशानं ते समजून घ्या, मग कोणी तुम्हाला फसवू शकत नाही. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, ड्रायव्हर पुढच्या चाकांवर, आणि जोर मागच्या चाकांना. म्हणजे रिकाम्या गाडीत ज्या चाकांनी ढकलायचं त्यांच्यावरच वजन कमी. पहिल्या गियरचा जोर आला की चाक पुढं फिरतं आणि हाउसिंग उलटं फिरायला पाहतं, त्याला धरून ठेवायला पाट्याशिवाय काही नाही. पाटा नागमोडी मुरडतो, चाक सटकतं, पाटा झटक्यात सरळ होतो, चाक परत पकडतं, पाटा परत मुरडतो. तेच ते धडधड. पाटा हाउसिंगला जिथं बांधलेला आहे तिथं जरा जरी ढिलाई असली तर हे दहापट वाढतं. शॉकअप त्याला थोडंफार दाबतो, थांबवू शकत नाही. म्हणून सगळ्यात आधी शॉकअप बदलून घ्या म्हणणारा माणूस मला पटत नाही.

२०१७ मध्ये एका मेकॅनिकनं आम्हालाही हाउसिंग वाकलं म्हणून सांगितलं, जुन्या बाजारातलं टाकू म्हणे. दादा पैसे द्यायला निघाला होता. मी म्हटलं एक दिवस थांब. संध्याकाळी अंगणात गाडी उभी केली, पुढच्या चाकांना दगड लावले, टॉर्च घेऊन मागून आत घुसलो. डाव्या बाजूला पाट्यावर यू बोल्टची प्लेट बसते तिथं कडेकडेनं बारीक लाल भुकटी, विटेचा चुरा असतो तशी. बोट फिरवलं तर भुकटी निघाली आणि खाली लोखंड नव्या नाण्यासारखं चकचकीत. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीखाली लोखंड चकचकीत दिसलं म्हणजे तिथं काहीतरी रोज घासून राहिलं. नट पाहिले तर बोल्टाचं टोक नटाच्या बाहेरच नाही, दोन आटे आतच. मग डोक्यात उजेड पडला. पाटा वाढला, थर जाड झाला, पण यू बोल्ट जुनेच लावले, ते आखूड पडले, नटानं अर्धेच आटे धरले आणि हळूहळू ढिले झाले.

तरी पक्कं करायला सुतळी घेतली. चाकं सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मधापासून मागच्या चाकाच्या मधापर्यंत दोन्ही बाजूनं मोजलं. डावीकडे पाऊण इंच कमी. म्हणजे हाउसिंग जागेवरून पुढं सरकलेलं. सकाळी खोललं तर पाट्याचा सेंटर बोल्ट, म्हणजे सगळ्या पट्ट्या मधातून धरून हाउसिंग जागेवर ठेवणारा बोल्ट, दोन तुकडे. वाकलंबिकलं काही नव्हतं.

खर्च सांगतो. लांब यू बोल्ट चार, नट नवे, सेंटर बोल्ट दोन, पाट्याचे आणि शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक गाडीला टांगणारी कडी) सगळे रबर बुश, मदतीला आलेल्या पोराची मजुरी, सगळं मिळून १८५० रुपये. वाढवलेले दोन्ही पाटे काढून टाकले, ते अजून गोठ्यात पडून आहेत. आणि पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागावर एकेक क्लिप जास्तीची आवळली, त्यानं तो भाग कमी मुरडतो. दुसऱ्या दिवशी नाल्याच्या चढावर मधातच उभी केली, रिकामी, पहिला गियर, मुद्दाम नेहमीसारखाच क्लच सोडला. गेली सरळ वर. दादा शेजारीच बसला होता.

त्यानं घरी येऊन स्वतः सुतळी धरून मोजलं. मग म्हणाला, "पाटा वाढवला म्हणून नाही झालं, पाटेवाल्यानं बोल्ट आखूड टाकले म्हणून झालं." अर्धं खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण पाटा वाढवला नसता तर बोल्ट आखूड पडलेच नसते. आणि बोल्ट बरोबर टाकले असते तरी पाटा कडक झाल्यावर रिकाम्या गाडीत मागचं चाक खड्ड्यात दबत नाही, वरच्या वर उडतं, गिट्टीच्या रोडवर तर जास्तच. ओम्नीला जीपसारखी जाड चेसिस नाही, मागून कडक केली की तो मार पत्र्यात जातो. हे मी त्याला तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो. क्लचचं वाक्य मात्र त्या दिवसानंतर त्यानं कोणासमोर काढलं नाही.

तर तुमची गाडी. सुतळीनं मोजा, भुकटी पाहा, नटातून आटे बाहेर आहेत का पाहा. बोल्ट ताणले गेले असतील तर परत आवळून उपयोग नाही, नवेच घ्या. मग एका माणसाला आत बसवा, हँडब्रेक न ओढता पुढच्या चाकांपुढं जाड ओंडके लावून पहिल्या गियरमध्ये क्लच हळूच अर्धा सोडायला सांगा आणि तुम्ही बाजूनं, लांबून पाहा हाउसिंग किती मुरडतं, दोन्हीकडे सारखं का. गाडीच्या पुढं-मागं उभं राहू नका. पहिला झटका एकच ठण्ण असा येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनचा जोर मागं नेणारा दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, आणि इंजिनचे फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबर, हेही पाहून घ्या. बुशाचे बोल्ट शेवटचे टाइट करताना गाडी चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर लटकत असताना आवळले तर रबर मुरडलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. यू बोल्टही तसेच, आणि ५०० किलोमीटर चालली की परत एकदा आवळा, नवीन बोल्ट बसताना थोडे ढिले होतातच. सामानाची चिंता नाही, ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती.

शॉकअपबद्दल एवढं बोललो पण खालचा बोल्ट काढून हातानं दाबून-ओढून पाहा, अडवतच नसेल किंवा तेलानं ओला असेल तर मेलाच समजा, दोन्ही बदला. तुमची गाडी सपाट पण खडबडीत रोडवर स्पीडमध्ये उडत असेल तर दोष तोच किंवा टायरला फुगा असेल, ते वेगळं. आणि रोज भरूनच चालत असेल तर वाढीव पाटा चूक नाही, फक्त बोल्ट त्या मापाचे घ्या. क्लच हळू सोडला तर कमी उडते हेही खरं आहे, पण ती तात्पुरती सोय झाली. पाट्याला वेल्डिंग मात्र कोणी मारतो म्हटलं तर मारू देऊ नका, पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतो आणि पाटा तिथंच तुटतो. जॅकवर भरवसा ठेवून खाली झोपू नका, जाड लाकडी ओंडके लावा, विटा नाही, विटा फुटतात.

सुतळीचं माप दोन्ही बाजूचं घ्या आणि मला आकडे सांगा. तोवर त्या मेकॅनिकला चौदा हजार देऊ नका.