वाचकांचे प्रश्न : हवामान बदलाचा खेळ, एका प्रोजेक्टरवर

प्रश्न : आमच्या वाचनालयात एक संगणक, एक प्रोजेक्टर आणि रडतखडत चालणारं इंटरनेट आहे. हवामान बदलावर व्याख्यान ठेवलं की जेमतेम दोन रांगा भरतात. कॉलेजची मुलं आणि शेतकरी एकत्र बसतील असा एखादा डिजिटल खेळ सुचवाल का?
– एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : 'एन-रोड्स' घ्या. 'क्लायमेट इंटरॅक्टिव्ह' ही संस्था आणि अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं स्लोन स्कूल यांनी केलेलं हे सिम्युलेटर, म्हणजे 'असं केलं तर काय होईल' हे दाखवणारं संगणकी मॉडेल, ब्राउझरमध्ये फुकट चालतं. गणित ब्राउझरमध्येच होतं, त्यामुळे पान आधीच उघडून ठेवलं की नेट मंद असलं तरी निभावतं. कोळशावर कर, झाडं, विजेची वाहनं असे स्लायडर खाली असतात. एक सरकवला की २१०० सालापर्यंतची तापमानवाढ वर उजवीकडे बदलते. ती २ अंशांच्या खाली आणायची, हे लक्ष्य.

लोकांचे सहा गट करा : सरकारं, स्वच्छ ऊर्जा, कोळसा-तेल-वायू कंपन्या, उद्योग-व्यापार, शेती-जंगल आणि हवामान न्यायासाठी, म्हणजे या बदलाचा भार गरिबांवर पडू नये म्हणून लढणारे. गट चिठ्ठ्या टाकूनच ठरवा. एखादा शेतकरी तेल कंपनीच्या बाजूने भांडायला लागला की सभागृह जागं होतं. दोन-अडीच तास हाताशी ठेवा.

सगळी मेख एका नियमात आहे : स्लायडरला हात लावण्याआधी प्रत्येक गटाने आपला अंदाज कागदावर लिहायचा. हे टाळलं तर लोक नुसते आकडे बघतात, शिकत काहीच नाहीत. झाडांचंच बघा. बहुतेक जण मोठी घट लिहितील. स्लायडर टोकाला नेला तरी आकडा थोडासाच हलतो. झाडं वाढायला दशकं लागतात आणि जमीन मर्यादित आहे. विजेच्या गाड्यांचंही तसंच. वीज कोळशाचीच राहिली तर फायदा तोकडा. त्याउलट कार्बनवर किंमत लावली, म्हणजे कार्बन हवेत सोडणाऱ्याला पैसे मोजायला लावले, की पडद्यावरच्या ऊर्जेच्या आलेखातला कोळशाचा पट्टा डोळ्यांदेखत आक्रसतो. इथेच थांबू नका. ऊर्जेच्या खर्चाचा आलेख उघडा आणि न्यायवाल्या गटाला विचारा, हा भार कोणावर पडणार? खरी चर्चा तिथून सुरू होते.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. खेळ घेणारा स्वतःच स्लायडर फिरवत बसतो आणि खेळाचं पुन्हा व्याख्यान होतं. दुसरी म्हणजे, कोणीतरी 'आपल्या तालुक्यात पाऊस किती पडेल?' विचारतं. हे मॉडेल साऱ्या जगाचं आहे, तालुक्याचा पाऊस ते सांगत नाही. हे सुरुवातीलाच स्पष्ट करा.

प्रश्न : मोबाइल गेम खेळणारी मुलं अशा विषयात खरंच मत देतात का?
– एक पालक, पणजी

उत्तर : देतात. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०२० मध्ये लोकप्रिय मोबाइल गेममधल्या जाहिरातीच्या जागेत हवामानावरची प्रश्नावली दाखवली. ५० देशांतल्या सुमारे १२ लाख लोकांनी ती भरली आणि त्यात १८ वर्षांखालचे पाच लाखांहून जास्त होते. सर्वेक्षण करणारे सहसा या वयाच्या मुलांना विचारतच नाहीत. हवामान बदल ही जागतिक आणीबाणी आहे, असं एकूण ६४ टक्के लोकांनी सांगितलं. तुमच्या सोसायटीतल्या मुलांना विचारायचं असेल तर प्रश्न चार-पाचच ठेवा, नाव-नंबर मागू नका आणि निकाल त्यांना दाखवा. निकाल दाखवला नाही तर पुढच्या वेळी कोणी भरत नाही.