टोकियोत गल्लीतल्या छोट्या रामेनच्या दुकानात जपानी न येता जेवता येतं का? त्सुकेमेन कसं खातात आणि कुठे चांगलं मिळतं?

येतं की. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "तिथले लोक तुसडे असतात, नीट बसूही देत नाहीत असं ऐकलंय". ते वाचून राहवलं नाही. आमच्या घरात प्रत्येक लग्नकार्याच्या पंगतीत हे वाक्य निघतं आणि ते बोलणारे असतात आमचे दाजी.

मी टोकियोत निशी-कासाईला राहते. घराजवळ त्सुकेमेनचं, म्हणजे रश्शात बुडवून खायच्या रामेन नूडल्सचं, एक दुकान आहे. एक काउंटर, आठ खुर्च्या, आत मालक आणि हाताखाली एक मुलगा. ताई, दाजी आणि भाची आले तेव्हा मी हौसेनं त्यांना तिथे नेलं. शनिवारची दुपार, बाहेर रांग. दाराशीच तिकिटाचं मशीन. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, आलेली चिठ्ठी काउंटरवर ठेवायची. बोलायची गरजच पडत नाही. बटणावर फोटो नसेल तर डावीकडचं सगळ्यात वरचं दाबा, दुकानाचा मुख्य पदार्थ बहुतेक तोच असतो.

दाजी म्हणाले, "दोनच काढ, तिघांत पुरे. आवडलं तर बघू." मी तीन काढली. मोठ्या माणसानं खुर्ची अडवली की त्याच्या नावाचा एक वाडगा घ्यायचाच, असा तिथला रिवाज आहे आणि तो मला पटतो.

आमच्या समोरच मालकानं जाड नूडल्स उकळत्या पाण्यातून काढल्या आणि गार पाण्याच्या धारेखाली दोन्ही हातांनी चोळचोळून धुतल्या. वरचा चिकट पिठूळपणा जाईपर्यंत धुवाव्या लागतात, तेव्हा कुठे त्या दाताखाली घट्ट लागतात. हात मनगटापर्यंत लाल झाले होते त्याचे. मग एका वाडग्यात त्या गार नूडल्स आणि दुसऱ्या लहान वाडग्यात डुकराच्या हाडांचा आणि सुक्या मासळीचा, पिठल्याइतका दाट, कढत रस्सा. थोड्या नूडल्स उचलायच्या, रश्शात बुडवायच्या आणि भुरका मारायचा. दाजींनी आधी "हे गार का?" म्हणून विचारलं आणि मग सगळा रस्सा नूडल्सवर ओतला. गरम नूडल्स हव्या असतील तर चिठ्ठी देतानाच 'आत्सुमोरी' म्हणायचं असतं. तेही मी त्यांना आधी सांगितलं होतं.

खाऊन झाल्यावर दाजी फोनवर फोटो दाखवत बसले. बाहेर लोक उभे. शेवटी मालक आला, वाकून 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', म्हणाला आणि हातानं रांगेकडे दाखवलं. एवढंच. याचं पुढे "गिऱ्हाइकाला हाकलतात" झालं.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं. वाडगाभर रामेनला हजार येनच्या वर किंमत लावली की गिऱ्हाईक बिचकतं. पीठ, मांस, गॅस सगळं महागलं तरी बरेच दुकानदार त्या आकड्यापाशी अडून बसतात. मग आठ खुर्च्या दुपारभर भरत आणि रिकाम्या होत राहिल्या तरच दुकान चालणार. त्सुकेमेन जन्मलं तेही कामाच्या घाईतच. ताइशोकेन या दुकानात काम करणारे लोक उरलेल्या नूडल्स कपातल्या रश्शात बुडवून खायचे. तिथल्याच काझुओ यामागिशींनी 1955 मध्ये टोकियोतल्याच नाकानोच्या दुकानात त्या विकायला ठेवल्या, 1961 मध्ये हिगाशी-इकेबुकुरोला स्वतःचं दुकान काढलं आणि पुढे कितीतरी शिष्यांना हातचं न राखता शिकवलं. 2015 मध्ये ते गेले तरी शिष्यांची दुकानं चालू आहेत. पाटीवर ताइशोकेन दिसलं तर जरूर जा.

आणि दाजी कधीच सांगत नाहीत ते मी सांगते. आम्ही बसताक्षणी त्याच मालकानं न मागता भाचीसाठी लहान वाडगा आणि काटा आणून ठेवला होता. तिच्यासाठी आम्ही तिकीटही काढलं नव्हतं. याला तुसडेपणा म्हणत असाल तर माझं काही म्हणणं नाही.

नूडल्स संपल्या की 'सूप-वारी' मागा. उरलेल्या दाट रश्शात ते पातळ गरम स्टॉक घालून देतात, तो प्यायचा. वाडगा काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवायचा, जेवणाबद्दल आभार म्हणून 'गोचिसोसामा' म्हणायचं आणि उठायचं. टिप ठेवू नका.

सगळेच मालक प्रेमळ असतात असा माझा दावा नाही, खेकसणारेही भेटतात. शाकाहारी असाल तर वरचं सगळं विसरा. मांसाचे तुकडे बाजूला काढून उपयोग नाही, रस्साच हाडांचा असतो. टोकियो स्टेशनच्या आत टीज तानतान नावाचं रामेनचं दुकान आहे, तिथे सगळं वीगन मिळतं. रोख पैसे जवळ ठेवा. बरीच मशीनं हजार येनच्या वरची नोट घेत नाहीत आणि 2024 च्या जुलैत आलेल्या नव्या नोटा काही जुन्या मशीनांना अजून चालत नाहीत. मुलं बरोबर असतील तर सकाळी दुकान उघडतानाच जा. दुपारी उशिरा गेलात तर पुष्कळ दुकानं संध्याकाळपर्यंत बंद असतात. चौघांना शेजारी शेजारी जागा मिळेलच असं नाही, वेगवेगळं बसवलं तर बसा. दाजी त्यावरूनही रुसले होते.